सांगलीकडं राहून जनरल वकिली आणि नगरपालिकेची कामं यावर करिअर होतं का, की सनद घेऊन थेट पुणं गाठावं?

होतं. मी तेच करतोय. तुम्ही प्रश्नाखाली जे जोडलंय, 'नगरपालिकेचं पॅनेल म्हणजे बाकी काही न जमणाऱ्या वकिलांचं काम असं ऐकलंय', ते नसतं तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. (पॅनेल म्हणजे पालिकेचे दावे चालवायला नेमलेल्या वकिलांची यादी.) हेच वाक्य मी घरातही दर गणपतीत आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतो. दाजी नगरपालिकांची रस्त्या-गटारांची कामं घेतात. त्यामुळं पालिका आपल्याला वकिलापेक्षा जास्त कळते असं त्यांचं ठाम मत आहे.

आधी जनरल प्रॅक्टिसचं सांगतो. विजयनगरच्या कोर्टात दिवसभरात वाटपाचा दावा, चेक बाऊन्स, पोटगी, अपघाताचा क्लेम असं सगळं हातातून जातं. तासगावकडचा बागायतदार द्राक्षाचा व्यापारी पळून गेला म्हणून पावत्यांची पिशवी घेऊन येतो. दुसऱ्याचा वहिवाटीचा रस्ता भावकीनं अडवलेला असतो, त्याच्यासाठी १९०६ चा मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट काढून तहसीलदारापुढं उभं राहावं लागतं. पुण्यातले मित्र याला 'पडेल ते काम' म्हणतात. म्हणू देत. यातून कागद वाचायची जी सवय लागते ती कुठल्याही मोठ्या फर्ममध्ये लागत नाही. सात-बारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड आणि घरपट्टीचा उतारा या चार कागदांवर चार वेगळी नावं असतात, आणि पालिकेची निम्मी प्रकरणं तिथंच जन्माला येतात.

आता एक प्रकरण सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर त्यातच आहे. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या पॅनेलवर मी होतो. नाव सांगत नाही. गावठाणातल्या एका गल्लीत पिठाच्या गिरणीची शेड होती. विनापरवाना बांधली आणि रस्त्यात आली, म्हणून पालिकेनं एमआरटीपीच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या) कलम ५३ खाली नोटीस काढली. घरपट्टीच्या रजिस्टरला जे नाव होतं त्याच नावानं काढली, दारावर चिकटवली, आणि पंचनाम्यावर पंच म्हणून पालिकेच्याच दोन शिपायांच्या सह्या घेतल्या. ज्याच्या नावानं नोटीस होती तो माणूस कित्येक वर्षांपूर्वी वारलेला. गिरणी त्याचा धाकटा मुलगा चालवत होता. त्यानं मनाईचा दावा टाकला आणि दाव्यासोबत वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला.

फाइल माझ्याकडं आली तेव्हा मुख्याधिकारी म्हणाले, "वकीलसाहेब, मयताचा मजकूर माहितीअभावी नाकबूल करा आणि १४९ दाखवून दावाच उडवा. पुढचं पुढं बघू." १४९ म्हणजे त्याच कायद्याचं कलम, अशा नोटिशीविरुद्ध दिवाणी कोर्टात दावा चालत नाही असं सांगणारं.

मी म्हणालो, "साहेब, दाखला आपल्याच जन्म-मृत्यू विभागानं दिलाय. शिक्का आपला, सही आपल्या निबंधकाची. माहितीअभावी कसं लिहू?"

"सगळेच वकील लिहितात."

लिहितात, हे खरं आहे. 'माहितीअभावी नाकबूल' हे आपल्याकडच्या कैफियतींमधलं, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरांमधलं, सगळ्यात स्वस्त वाक्य आहे. पण ज्या संस्थेनं मृत्यूची नोंद केली, तिनंच कोर्टात त्या मृत्यूची आपल्याला माहिती नाही म्हणायचं? मेलेल्या माणसाच्या नावची नोटीस मुळातच शून्य. तिच्यावर १४९ चा अडसर उभा राहत नाही, हे दिवाणी बाजूचा साधा ज्युनियरही सांगेल.

मला आणखी एक गोष्ट दिसत होती, आणि ती केवळ जनरल प्रॅक्टिसमुळं दिसत होती. त्याच घरातला वाटपाचा दावा त्याच कोर्टाच्या बोर्डावर चालू होता, थोरला विरुद्ध धाकटा. पालिकेत शेडची तक्रार करणारा हा थोरलाच होता. म्हणजे भावांचं भांडण पालिकेच्या खर्चानं चाललं होतं, आणि ते कुणाला खूश करण्यासाठी हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी लेखी अभिप्राय दिला. नोटीस मागं घ्या, तशी पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) द्या. वारसांची नावं वाटपाच्या दाव्यातून घ्या, सिटी सर्व्हेकडून मोजणी करून हद्द कायम करा, सगळ्या वारसांना नव्यानं नोटीस काढून त्यांचं म्हणणं ऐका, मग काय पाडायचं ते पाडा. अभिप्राय टिपणीला लागला, पण फाइल दुसऱ्या वकिलाकडं गेली. पुढच्या पॅनेलच्या ठरावात माझं नाव नव्हतं. त्या वकिलांनी हवं ते वाक्य लिहून दिलं. कोर्टानं दाखला बघितला, मनाई दिली, आणि गल्लीतला रस्ता त्या मनाईखाली अडकून पडला.

पुढं मुख्याधिकारी बदलले. नव्या बाईंनी टिपणीतला माझा अभिप्राय काढून वाचला आणि तसंच केलं. मोजणीत शेडचा पुढचा भाग रस्त्यात निघाला, मागचा त्यांच्याच जागेत. नव्या नोटिशीनंतर धाकट्यानं पुढचा भाग स्वतः काढून घेतला. रस्ता झाला. मला पॅनेलवर परत कुणी बोलावलं नाही, ते वेगळं.

दाजींचं म्हणणं, "तू पॅनेल घालवलंस. वकिलानं अशिलाचं ऐकायचं असतं." माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की पालिकेच्या वकिलाचा अशील म्हणजे ती संस्था. मुख्याधिकारी तीन वर्षांनी बदलून जातो, नगराध्यक्ष पुढच्या निवडणुकीत पडतो. दावा मात्र पालिकेच्याच नावावर राहतो आणि त्याचा खर्च घरपट्टीतून जातो. हे काम बाकी काही न जमणाऱ्याचं आहे म्हणणाऱ्यांनी एकदा साहेबांच्या केबिनमध्ये बसून 'हे लढू नका' असं लेखी देऊन बघावं. दाजी कंत्राटदार आहेत, साहेबाला सांभाळणं हा त्यांच्या धंद्याचा भाग असेल. आमच्या धंद्याचा नाही. तुम्हीही घरात कुणाशी असा वाद घालत असाल तर घाला, मागं हटू नका.

कामाचं बोलायचं तर नगरपालिकांना १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू, आणि सांगली-मिरज-कुपवाडला, १९९८ साली महापालिका झाल्यापासून, १९४९ चा महापालिकांचा. दोन्ही नीट वाचा, गाइड वाचू नका. नगरसेवकाच्या निवडीला आव्हान द्यायला दोन्हीकडं फक्त १० दिवस असतात. दिवाणी मुदतीच्या सवयीत राहिलेले वकील तिथं हमखास उशिरा पोचतात. महापालिकेच्या घरपट्टीविरुद्ध १९४९ च्या कायद्याच्या कलम ४०६ खाली अपील करायचं तर वादातली रक्कम आधी भरावी लागते, हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगा. सुप्रीम कोर्टाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल तर पाठच करा. बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस आणि सुनावणी त्यात बंधनकारक केली आहे. रस्ता, फूटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरचं बांधकाम त्यातून वगळलंय, तेही वाचा. अर्धा निकाल सांगणारे खूप भेटतात.

गुंठेवारीला, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या प्लॉटच्या कामाला, नाक मुरडू नका. सांगलीतलं शामरावनगर बघा, स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या प्लॉटवर लोकांनी आयुष्यभराची कमाई घातली आहे. हे प्लॉट नियमित करायच्या २००१ च्या कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना आणली. फॉर्म भरून द्यायला एजंट आहेत. पण जागा आरक्षणात आहे का, पूररेषेत आहे का, विकणाऱ्याला विकायचा हक्क तरी होता का, हे वकिलानंच बघायचं असतं. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्यानंतरही पूररेषा न बघता प्लॉट घेणारे माझ्याकडं येतात.

पुण्याबद्दल एवढंच, की पूर्वी पुण्या-मुंबईला जायचं एक कारण हायकोर्ट होतं. साध्या रिटसाठी (सरकार-पालिकेविरुद्ध थेट हायकोर्टात करायच्या अर्जासाठी) रात्रीची गाडी धरून मुंबईला जावं लागायचं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, साताऱ्यासह सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. आता सांगलीतून सकाळी निघून रिट चालवता येतं, आणि पालिकेच्या कामात रिट लागतंच. कंपन्यांचं किंवा टॅक्सचं काम करायचं असेल तर मात्र जा, ते इथं मिळणार नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पॅनेलची फी ठरावानं ठरते आणि बिलं मार्चअखेरपर्यंत लोंबकळतात. घरचा हप्ता त्यावर लावू नका. सुरुवातीची वर्षं सीनियरकडं जवळजवळ फुकटच जातात, त्यामुळं डोक्यावर कर्ज असेल तर माझा सल्ला तुम्हाला लागू नाही. जेएमएफसीसाठी (खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदासाठी) ३ वर्षांची प्रॅक्टिस पुन्हा सक्तीची झाल्यापासून बाररूममध्ये गर्दीही वाढलीय. आणि पॅनेल मिळालंच तर खासगी पक्षकार सोडू नका, फक्त त्याच पालिकेविरुद्ध वकीलपत्र घेऊ नका. ज्या दिवशी माझं नाव ठरावातून गेलं, त्या दिवशी माझ्या टेबलावर वाटपाचे आणि अपघाताचे दावे होते, म्हणून तो अभिप्राय मी न घाबरता लिहू शकलो होतो.