एम.ए. करू की थेट बातम्या देऊ?

प्रश्न : ताई, मी गडहिंग्लजला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. पुढे पत्रकारितेत एम.ए. करायचं मनात आहे. इथले एक वार्ताहर म्हणतात, 'दोन वर्षं कशाला घालवतेस, उद्यापासून बातम्या दे.' घरचे बी.एड.च्या मागे लागलेत. काय करू?

उत्तर : बी.एड.चं घरच्यांशी बोल, त्यात मी पडत नाही. वार्ताहरांना मात्र एक प्रश्न विचार. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असतं. ज्या पतसंस्थेची जाहिरात आणायची, तिच्या घोटाळ्याची बातमी कशी द्यायची?

मी तरी एम.ए. कर म्हणेन. पाहुणी म्हणून शिकवायला जाते तेव्हा मी आधी नगरपालिकेच्या सभेची बातमी लिहायला देते. सुरुवात हमखास अशी : 'सर्वसाधारण सभा नगराध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' पाणीपट्टी वाढल्याचं येतं चौथ्या परिच्छेदात! वरचे तिन्ही परिच्छेद मी सरळ काटते. मग विचारते, वाढ किती, कधीपासून, विरोधात कोण बोललं? वर्ग गप्प. वृत्तपत्रात मात्र रात्री डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारा अंक) सोडायच्या घाईत हे विचारत बसायला डेस्कवर कुणालाच सवड नसते. उपसंपादक तुझी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, स्वतःच नीट करून पुढं ढकलतो, आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा 'खेळीमेळीच्या वातावरणात' लिहितेस.

तुला जवळचं म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ पासून आहे. अमरावतीला आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारितेची पदविका मिळते. फी भरण्याआधी जुन्या मुलांना गाठ. शिक्षक कायम किती आणि सीएचबीवर (तासांच्या हिशेबानं) किती? विभागाचं प्रायोगिक वृत्तपत्र खरंच निघतं का? स्टुडिओचं कुलूप कधी उघडतं? (माहितीपुस्तकात स्टुडिओ सगळ्यांकडेच असतो.)

अभ्यासक्रमात संवादाचे सिद्धांत येतील, ते परीक्षेपुरते कर. कायद्याचा पेपर मात्र जीव लावून वाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यानंतरच्या खुनाला कलम १०३ लागतं. तरी जुन्या दंडसंहितेतलं ३०२ लिहून मोकळे होणारे आहेतच. माहिती अधिकाराचा एखादा अर्ज शिकतानाच टाक : १० रुपये फी, उत्तराला ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. बातमी आटोपशीर लिहायचा सराव आपोआप होतो. युनिकोडमध्ये मराठी टायपिंग आजच सुरू कर, त्याला विद्यापीठ लागत नाही.

आणि त्या वार्ताहरांशी वाकडं घेऊ नकोस. सुट्टीत गावी आलीस की त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात जात जा. कुठल्या टेबलावर फाइल अडते, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.