हॉट डॉगवर कुठे काय घालतात, आणि शिकागोत केचप का चालत नाही?

प्रश्न असा आहे : हॉट डॉग म्हणजे पाव, सॉसेज आणि केचप. मग प्रत्येक शहर 'आमचाच खरा' असं का म्हणतं? कुठे काय वेगळं घालतात? आणि पुढच्या महिन्यात शिकागोला जायचं आहे, तिथे केचप मागितलेलं चालत नाही हे खरं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, खरं आहे. कोणी हाकलून देत नाही आणि लहान मुलांना तर कोणी काही बोलतही नाही, पण मोठ्या माणसाने केचप मागितलं की काउंटरवरचा माणूस एकदा मान वर करून बघतो. मी शिकागोच्या उपनगरात राहते. हा पदार्थ मला मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॉसेजपासून सुरुवात करू. हॉट डॉगमधलं सॉसेज ज्या जर्मन-ऑस्ट्रियन सॉसेजवरून आलं, त्यात मांस अगदी लोण्यासारखं बारीक दळतात. दळताना त्यात बर्फ घालतात, कारण पात्याच्या उष्णतेने चरबी वितळली की मिश्रण फुटतं. मग ते आवरणात भरायचं, धुरी द्यायची आणि शिजवायचं. तयार होतं ते मऊ, खारट, किंचित धुरकट आणि चवीला बरंच सौम्य. आपल्या गोव्याचं चोरीस याच्या बरोबर उलट. त्यात लाल मिरची, लसूण, व्हिनेगर सगळं आधीच ठासून भरलेलं असतं. चोरीस-पाव खाताना वर काही घालायची गरज पडत नाही, कांदा-बटाट्यात परतून पावात भरलं की झालं. हॉट डॉगच्या सॉसेजचं तसं नाही. त्याला वरून काहीतरी लागतंच, आणि हे 'काहीतरी' त्या गावात कोण येऊन राहिलं आणि तिथे स्वस्तात काय मिळत होतं यावर ठरत गेलं. म्हणून कुठलाही हॉट डॉग समोर आला की मी आधी वरचा थर बघते. गावाची ओळख तिथे असते.

आता शिकागो. एमिल रायशेल आणि सॅम्युएल लादानी हे ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले दोघे. त्यांनी 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात आपली सॉसेजेस विकली आणि त्यातून 'व्हिएन्ना बीफ' ही कंपनी उभी राहिली. आजही शहरातल्या बहुतेक दुकानांवर त्यांचीच पाटी दिसते. सॉसेज पूर्ण बीफचं. मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात ज्यू वस्ती मोठी होती, तिथे डुकराचं मांस चालणार नव्हतं. पुढे 1929 नंतर मंदी आली. त्या काळात 'फ्लुकीज' या दुकानाने 5 सेंटला सॉसेज, पाव आणि वर एवढ्या भाज्या द्यायला सुरुवात केली की एका पावात जेवण व्हावं. त्याला 'डिप्रेशन सँडविच' म्हणत. आजचा शिकागो हॉट डॉग त्याच वळणाचा आहे.

तो बनताना काउंटरपाशी उभं राहून नक्की बघा. पाव खसखस लावलेला आणि वाफेवर गरम केलेला, त्यामुळे बोटाने दाबला की दबतो पण तुटत नाही. सॉसेज गरम पाण्यात ठेवलेलं असतं. पाण्याला खळखळून उकळी येऊ देत नाहीत, नाहीतर आवरण फाटतं आणि सगळी चव पाण्यात जाते. सॉसेज पावात ठेवलं की आधी पिवळ्या मस्टर्डची, म्हणजे मोहरीच्या सॉसची, एक रेघ. मग रेलिश, म्हणजे बारीक चिरलेल्या काकडीचं गोड लोणचं, तेही असं भडक हिरवं की पहिल्यांदा बघणाऱ्याला रंग सांडलाय असंच वाटतं. बारीक चिरलेला पांढरा कांदा. एका बाजूला टोमॅटोच्या फोडी खोचायच्या, दुसऱ्या बाजूला बडीशोपेच्या कुळातल्या शेपूच्या पाण्यात मुरवलेल्या आंबट काकडीची लांब फाक. वर दोन-तीन 'स्पोर्ट पेपर्स', म्हणजे आपल्याकडे चायनीजबरोबर येणाऱ्या व्हिनेगरमधल्या मिरच्यांसारख्या छोट्या मिरच्या. आणि सगळ्यात शेवटी सेलरी सॉल्टची, म्हणजे सेलरीचं बी दळून घातलेल्या मिठाची, चिमूट.

ही शेवटची चिमूट फार महत्त्वाची आहे. ती नसली तर पावात सॉसेज आणि कोशिंबीर घातल्यासारखं लागतं. ती पडली की सगळं एकजीव होतं. आता यात केचप कुठे बसणार ते तुम्हीच बघा. गोडी रेलिशमध्ये आहे, आंबटपणा काकडीत आणि मिरचीत आहे, टोमॅटो तर ताजाच आहे. केचपमधली साखर वर आली की मस्टर्डचा आणि सेलरी सॉल्टचा झणका मरतो. म्हणजे या नियमामागे गावाचा हट्ट आहेच, पण चवीचं कारणही पक्कं आहे. हाइन्झ कंपनीने 2017 मध्ये 'शिकागो डॉग सॉस' अशी चिठ्ठी लावून बाटल्या काढल्या होत्या. आत नेहमीचंच केचप होतं. शिकागोकर तरी बधले नाहीत.

आणि शिकागोतही सगळे एका सुरात नाहीत बरं का. रिव्हर ग्रोव्हमधलं 'जीन अँड ज्यूड्स' टोमॅटो वगैरे काही घालत नाही. मस्टर्ड, रेलिश, कांदा, मिरच्या, आणि त्यावर गरम फ्रेंच फ्राइजचा मूठभर ढीग, सगळं एकाच कागदात गुंडाळून देतात. फ्राइजची वाफ पावाला लागते, पाव आणखी मऊ होतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा भाज्यांचा पूर्ण हॉट डॉग खा, दुसऱ्यांदा हा.

न्यूयॉर्कचं मी थोडक्यात आटपते. तिथे हातगाडीवर मिळतो तो मस्टर्ड आणि आंबवलेल्या कोबीचा, म्हणजे साउअरक्राउटचा, नाहीतर टोमॅटोत शिजवलेल्या लालसर कांद्याचा. नेथन हँडवर्करने 1916 मध्ये कोनी आयलंडला दुकान टाकलं, आणि ज्या फेल्टमनकडे तो आधी नोकरीला होता त्याच्या 10 सेंटच्या हॉट डॉगसमोर आपला 5 सेंटला विकला. चांगला असतो. पण इतर शहरांनी याच पदार्थाचं जे काही केलं, ते मला जास्त आवडतं.

उदाहरणार्थ डेट्रॉइट. तिथल्या हॉट डॉगला 'कोनी' म्हणतात, आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर मात्र तो तसा मिळत नाही. ग्रीसमधून आलेल्या लोकांनी तो उभा केला. सॉसेजवर बिनराजम्याचा पातळ खिमा-सॉस, पिवळं मस्टर्ड आणि मूठभर चिरलेला कच्चा कांदा. 'अमेरिकन कोनी आयलंड' हे दुकान 1917 चं, आणि त्याला लागूनच 'लाफायेट कोनी आयलंड'. दोन्ही एकाच ग्रीक कुटुंबातल्या भावांमधून निघालेली. डेट्रॉइटकर यातलं एक निवडतात आणि जन्मभर बदलत नाहीत. सिनसिनाटीत 1922 मध्ये मॅसिडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी 'एम्प्रेस' सुरू केलं. तिथल्या खिम्यात दालचिनी असते, आणि वर किसलेल्या चेडर चीजचा एवढा ढीग की खालचं सॉसेज दिसत नाही. दालचिनीचा वास असलेला खिमा आपल्या जिभेला अजिबात परका वाटत नाही. माझ्याकडे भारतातून आलेल्या पाहुण्यांना कोनीपेक्षा हाच जास्त आवडतो.

पण अमेरिकेत एकच हॉट डॉग खायचा असेल आणि शिकागो वाटेत नसेल, तर मी ॲरिझोनातल्या टूसॉनला जा असं सांगेन. तिथला सोनोरन डॉग मूळचा सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याचा, एर्मोसिय्यो शहरातला. सॉसेजला बेकनची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची, पातळ पट्टी गोल गोल गुंडाळतात आणि तव्यावर फिरवत राहतात. बेकन कुरकुरीत होऊन सॉसेजला असं चिकटतं की दोन्ही वेगळं करता येत नाही. पाव जाडसर, किंचित गोड आणि दोन्ही टोकांना बंद, म्हणजे खिसाच. त्यामुळे आतलं ओलं काहीच बाहेर येत नाही. आत पिंटो बीन्स, म्हणजे राजम्याच्याच जातीचे दाणे, मऊ शिजवलेले. मग टोमॅटो, कांदा, मस्टर्ड, हालापेन्यो या मेक्सिकन मिरचीची चटणी, मेयोनीजच्या नागमोडी रेघा. आणि शेजारी तव्यावर भाजलेली पिवळी मिरची. एक घास हॉट डॉगचा, एक कुरतडा मिरचीचा, असं खायचं. तिथल्या 'एल ग्वेरो कानेलो' या दुकानाला 2018 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या पदार्थाची एवढी मोठी दखल घेतली गेली याचा मला आजही आनंद वाटतो.

दक्षिण अमेरिकेत हॉट डॉग म्हणजे भरपेट जेवण. चिलीमध्ये 'कोम्प्लेतो' म्हणतात. त्यातला 'इतालियानो' सगळ्यात प्रसिद्ध : कुस्करलेला ॲव्होकाडो, चिरलेला टोमॅटो आणि मेयोनीज. हिरवा, लाल, पांढरा, म्हणजे इटलीचा झेंडा. इटलीशी त्याचा एवढाच संबंध. दुसऱ्या प्रकारात आंबवलेला कोबी असतो, तो जर्मन स्थलांतरितांकडून आलेला. मेयोनीजची बोटभर जाड थप्पी बघून घाबरू नका, ॲव्होकाडोबरोबर ते हलकं लागतं. चिलीतली मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र चवीची नाही. कुणाच्या आजारपणाचा खर्च आला, शाळेची सहल काढायची असली, की शेजारीपाजारी मिळून 'कोम्प्लेतादा' करतात. सगळे जमून कोम्प्लेतो बनवतात, विकतात, आणि आलेले पैसे त्या कामाला जातात.

ब्राझीलमध्ये साओ पाउलोला हॉट डॉगवर चक्क बटाट्याचं मऊ पुरण पसरतात, वर मक्याचे दाणे, मटार आणि सळीसारखे कुरकुरीत बटाटे. कोलंबियात अननसाचा गोड सॉस आणि चुरलेले वेफर्स. वाचून विचित्र वाटेल, पण गोड आणि कुरकुरीत एकत्र आलं की छान लागतं.

युरोपात उत्तरेकडे जा. आइसलँडची राजधानी रेक्याविकमध्ये बंदराजवळ 'बायारिन्स बेस्तू पिल्सूर' ही टपरी 1937 पासून आहे. सॉसेजमध्ये मुख्यतः मेंढीचं मांस, सोबत थोडं डुकराचं आणि गाईचं. आइसलँडमध्ये मेंढ्या भरपूर, त्यामुळे हे ओघानेच आलं. तिथे 'एइना मेद् ओत्लु' म्हणायचं, म्हणजे सगळं घालून एक. कच्चा कांदा आणि तळलेला कुरकुरीत कांदा सॉसेजच्या खाली जातो, वर नाही. त्यामुळे प्रत्येक घासाला कांदा दाताखाली येतो आणि अंगावर सांडत नाही. मग केचप, गोडसर तपकिरी मस्टर्ड आणि रेमुलाड, म्हणजे मेयोनीजमध्ये लोणच्याचे बारीक तुकडे घातलेला सॉस. केचप चालतं, हे तुम्हाला ऐकून बरं वाटेल. बिल क्लिंटन 2004 मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांनी नुसत्या मस्टर्डचा खाल्ला, आणि तसाच मागायचा तर अजूनही त्यांचं नाव घेतात.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या रस्त्यांवर 1921 पासून सॉसेजच्या गाड्या आहेत, आणि तिथलं सॉसेज बाहेरून लालभडक रंगवलेलं असतं. नॉर्वेत पावाऐवजी बटाट्याच्या मऊ पोळीत गुंडाळतात. कॅनडात व्हँकूव्हरला 'जापाडॉग' नावाच्या गाडीने 2005 पासून तेरियाकी हा गोडसर जपानी सॉस, मेयोनीज आणि नोरी शेवाळाच्या काड्या घालायला सुरुवात केली. तैवानमध्ये तर पाव नाहीच : चिकट भात भरलेलं मोठं सॉसेज भाजतात, ते चिरून त्यात मांसाचं छोटं सॉसेज बसवतात.

आपल्याजवळचं म्हणाल तर इंदूर. छप्पन दुकान या तिथल्या खाऊगल्लीतल्या 'जॉनी हॉट डॉग'मध्ये सॉसेजच नसतं. गोल पाव तुपात खरपूस भाजतात, आत बटाट्याची टिक्की, कांदा आणि चटणी. अंड्याचा असेल तर त्याला 'बेंजो' म्हणतात. इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या कितीतरी जणांनी हॉट डॉग म्हणून आधी हाच खाल्लेला असतो. मलाही तो हॉट डॉगच वाटतो. गावाने आपल्याला जे आवडतं ते पावात घातलं, बाकी जगाने तरी दुसरं काय केलं?

आता तुमच्या शिकागोच्या फेरीसाठी. बीफ खात नसाल तर मागवण्याआधी विचारा, कारण तिथलं नेहमीचं सॉसेज बीफचंच असतं. काही दुकानांत टर्कीचं किंवा शाकाहारी सॉसेज मिळतं, सगळीकडे नाही. खात असाल तर 'एव्हरीथिंग' एवढाच शब्द पुरे, वर सांगितलेलं सगळं आपोआप येतं. मिरच्या झेपत नसतील तर त्या बाजूला काढा, रद्द करू नका, त्यांचं व्हिनेगर पावात उतरलेलं चांगलं लागतं. घेतला की लगेच खा, गाडीत नेऊन नको. दहा मिनिटांत टोमॅटोचं पाणी पावात मुरतं आणि खसखशीचा पाव फाटतो. आणि गर्दीच्या वेळी सेलरी सॉल्ट घालायला विसरतात, तेव्हा पहिला घास घेण्याआधी वर बघा आणि नसेल तर मागून घ्या.