कोरोनाला पेशीत शिरू देणाऱ्या एन्झाइमचाच प्रोस्टेट कॅन्सरशी संबंध आहे म्हणे. मग बाबांना कॅन्सर कोरोनामुळे झाला का?

नाही. आणि 'कोविड घरात मी आणला होता' असं जे तुम्ही शेवटी लिहिलंय, ते ओझं आजच उतरवा. ती ओळ वाचली म्हणूनच लिहायला बसले. मी पदवीच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते.

तुम्ही वाचलंत ते एन्झाइम म्हणजे टीएमपीआरएसएस-२. प्रथिनं कापणारं. श्वसनमार्ग, आतडी आणि भरपूर प्रमाणात प्रोस्टेट, इथल्या पेशींच्या पृष्ठभागावर ते असतं. कोरोनाच्या पृष्ठभागावरचा काटा (स्पाइक प्रथिन) आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, पण नुसतं चिकटून आत जाता येत नाही. काटा ठरावीक जागी कापला गेला तरच विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळतं, आणि ते कापायचं काम आपलंच एन्झाइम करून देतं. फ्लूचे विषाणूही त्याचा असाच वापर करतात.

२०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी केवढी धावाधाव झाली, आठवतं? माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर ते औषध विषाणूला रोखत होतं. त्या पेशींत हे एन्झाइम जवळपास नसतंच, त्यामुळे विषाणूला आडवाटेने, पेशीतल्या आम्लधर्मी पिशव्यांतून शिरावं लागतं आणि औषध नेमकी तीच वाट अडवतं. फुप्फुसाच्या पेशींत एन्झाइम हजर, थेट वाट मोकळी. तिथे औषध चाललं नाही. एका एन्झाइमच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडतो!

कॅन्सरची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे मुख्य मुद्दा एन्झाइमचा नाही, त्याच्या जनुकाच्या बटणाचा आहे. जनुक कधी चालू करायचं हे त्याच्या आधीचा डीएनएचा तुकडा ठरवतो. या जनुकाचं बटण पुरुषी हार्मोन दाबतात. २१व्या गुणसूत्रावरच, डीएनएच्या सुमारे ३० लाख अक्षरांच्या अंतरावर, ईआरजी नावाचं दुसरं जनुक आहे. प्रोस्टेटच्या एखाद्या पेशीत डीएनए तुटून चुकीचा सांधला जातो आणि हे बटण ईआरजीला लागतं. मग तिथे एरवी गप्प असलेलं ईआरजी हार्मोनच्या इशाऱ्यावर भरमसाट बनतं. एवढ्यानेच कॅन्सर होतो असंही नाही, आणखी बिघाड लागतात.

ही जोडणी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवली, म्हणजे कोविड यायच्या १४ वर्षं आधी! युरोपीय वंशाच्या रुग्णांत ती साधारण निम्म्या गाठींत सापडते, आशियाई रुग्णांत कमी. बाबांच्या गाठीत ती नसेलही.

हार्मोन कमी करणाऱ्या इंजेक्शनमुळे कोविड टळेल का, हेही विचारलंत. कल्पना तर्काला धरून होती: हार्मोन कमी, तर बटण कमी दाबलं जाणार, एन्झाइम कमी बनणार आणि विषाणूची वाट अडणार. हार्मोन रोखणारं एन्झालुटामाइड स्वीडनमध्ये कोविडच्या रुग्णांना देऊन पाहिलं, फायदा झाला नाही. हे एन्झाइमच अडवणारं कॅमोस्टॅट, जे जपानमध्ये स्वादुपिंडाच्या सुजेवर देतात, तेही डेन्मार्कमधल्या चाचणीत उपयोगी पडलं नाही. तेव्हा बाबांना इंजेक्शन कॅन्सरसाठी म्हणून वेळेवर द्या, आणि कोविडच्या लसीचं त्यांच्या डॉक्टरांना वेगळं विचारा.