तुम्ही विचारलंत

प्रश्न : मी विज्ञानकथा लिहिते, पण वर्षाला जेमतेम एक होते. मित्र म्हणतात कादंबरी लिही, कथांवर कोणी मोठं होत नाही. खरंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : टेड चँग वाचलायत का? अमेरिकन लेखक, जन्म १९६७ चा, कॉम्प्युटर सायन्स शिकलेला. १९८९ मध्ये क्लॅरियन नावाच्या लेखन वर्कशॉपला गेला आणि पुढच्याच वर्षी छापून आलेल्या पहिल्या कथेला थेट नेब्युला, म्हणजे विज्ञानकथांचं मोठं अवॉर्ड! त्यानंतर तीसेक वर्षांत कथा किती, तर वीससुद्धा नाहीत, कादंबरी एकही नाही, आणि तरी चार ह्युगो (हेही विज्ञानकथांचं तसंच मोठं अवॉर्ड) नि चार नेब्युला. संग्रह दोनच, २००२ आणि २०१९. त्याच्याच एका कथेवरून २०१६ चा 'अरायव्हल' सिनेमा आला.

पण पोटापाण्याचं काय? तर बाई, तो कित्येक वर्षं सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी टेक्निकल रायटिंग करायचा, म्हणजे मॅन्युअलं वगैरे, त्यामुळे कथेवर घर चालवायची घाई नव्हती. कथेचा शेवट ठरल्याशिवाय तो लिहायलाच बसत नाही म्हणे, मग वेळ लागणारच ना.

मला त्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे २००३ मध्ये एका कथेला ह्युगोचं नॉमिनेशन मिळालं, तर यानं चक्क नको म्हटलं, का तर कथा घाईत संपवावी लागली, मनासारखी झाली नाही. (आपल्याकडे कोण सोडेल हो?)

तेव्हा नोकरी सोडू नका, नि वर्षाला एक तर एक.