कुणाला सांगायचं, ते आधी ठरवू

प्रिय मुली,

परवा क्लिनिकमध्ये आईला बाहेर बसायला सांगून तू मला विचारलंस, "ताई, मला डायबिटीस आहे हे कॉलेजात कुणाला सांगायची काय गरज?" बाहेर रांग होती, म्हणून तेव्हा घाईत काहीतरी बोलले. नीट उत्तर आज लिहिते.

सगळ्यांना सांगायची मुळीच गरज नाही. तुझ्या शरीराची गोष्ट तुझी आहे. पण शुगर ५० पर्यंत उतरली की आधी मेंदूच गोंधळतो. सॅकमधला ग्लुकोज तुझा तूच काढशील याची त्या वेळी खात्री नसते. म्हणून शेजारी बसणाऱ्या एका तरी मैत्रिणीला माहीत हवं. तू घामाघूम झालीस, हात थरथरले, उगाच चिडलीस किंवा असंबद्ध बोलायला लागलीस, तर शुगर ७० च्या खाली गेली असं धरून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. खेळाच्या मॅडमनाही सांग. परीक्षेच्या बाबतीत तर न सांगून नुकसान तुझंच आहे. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप वन, म्हणजे तुझ्यासारखा रोज इन्सुलिन घ्यावा लागणारा डायबिटीस असलेल्या मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी नेण्याची मुभा दिली, पण ती मिळवायला डॉक्टरांचं पत्र घेऊन आधी अर्ज करावा लागतो. तुझ्या बोर्डाचं काय ते प्राचार्यांना विचार. पत्राची सोय आपल्या क्लिनिकमधून होईल.

एलिझाबेथ ह्यूज नावाच्या मुलीबद्दल तुला सांगायचं आहे. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची ही मुलगी. इन्सुलिन नव्हतं तेव्हा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून जगवत असत. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला, इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉ. बँटिंग यांच्याकडे पोचली तेव्हा पंधरा वर्षांची होत होती आणि तिचं वजन जेमतेम वीस किलो होतं. इन्सुलिन सुरू झालं आणि ती वाचली. पुढे शिकली, लग्न केलं, तीन मुलांची आई झाली, १९८१ पर्यंत जगली. आणि जवळजवळ आयुष्यभर तिने हा आजार जगापासून लपवला. मी तिला दोष देत नाही, काळच तसा होता. पण इतकी वर्षं रोज सुया घ्यायच्या आणि त्याबद्दल कुणाजवळ बोलायचं नाही, याचं ओझं केवढं असेल? तुझ्या वाट्याला ते येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

लपवणं घरापासूनच सुरू होतं, हेही मला दिसतं. तुझ्या वहीत ११०, १२५, ११८ असे आकडे आहेत आणि तिमाहीचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट, भलतंच सांगतो. मी रागावलेली नाही. तू दारात पाऊल टाकताच "किती आली?" हा पहिला प्रश्न येतो, "दिवस कसा गेला?" हा नंतर. मग आकडा म्हणजे प्रगतिपुस्तक वाटायला लागतं. पण या वयात शुगर वर जाते, त्यात तुझा आळस शोधू नकोस. वयात येताना वाढीची आणि इतर हार्मोन्स इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. पहाटे शुगर चढते, पाळीच्या आधीही अनेकींची चढते. दहाव्या वर्षी पुरणारा डोस आता पुरत नाही, तो वाढवावा लागतो. आणि तो किती वाढवायचा हे खऱ्या आकड्यांवरूनच ठरतं. २८० आली तर २८०च लिही.

आईला या सगळ्यातून हद्दपार करू नकोस. सगळं एकदम मुलांवर सोपवलं की बहुतेकांची शुगर बिघडते, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. ती रात्री दोनला उठून तुझी शुगर बघते, कारण तिला भीती वाटते. तिला एक ठरलेली वेळ दे, समजा रात्री जेवणानंतर. तेव्हा दोघींनी मिळून आकडे बघायचे, एरवी तिने विचारायचं नाही. हे तिला मी समजावीन.

आता जरा अवघड विषय. वजन वाढतंय म्हणून इन्सुलिन मुद्दाम कमी घेणाऱ्या मुली मला भेटतात. तू विचारलंस, "डोस चुकवला की बारीक होतं ना?" म्हणून स्पष्ट लिहिते: होतं, आणि त्याच वाटेने कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून रक्तात साचणारी आम्लं, वाढून जीवही जातो. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणं दिसली तर त्याच क्षणी हॉस्पिटल. कपडे, आरसा, मैत्रिणींचे फोटो यांवरून मनात जे येतं ते मला किंवा समुपदेशक बाईंना सांग. त्यासाठी डोसला हात लावू नकोस.

आणि त्या काकू, ज्या तुझ्यासमोर "हिचं लग्न कसं जमायचं" म्हणाल्या. तू अकरावीत आहेस. मला त्यांचा फार राग आला. टाइप वन असलेल्या बायका शिकतात, नोकऱ्या करतात, लग्न करतात, शुगर ताब्यात ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने निरोगी बाळांना जन्म देतात. पुढे कुणी आवडलं तर त्याला तू स्वतः सांगशील, लग्न ठरण्याआधी. नातेवाइकांनी "आत्ता बोलू नका" म्हटलं तरी.

पुढच्या वेळी वही नको, मीटरच घेऊन ये. पहिली दहा मिनिटं आपण दोघी बोलू. मग आईला आत बोलावू आणि रात्री दोनची तपासणी कुणी, कधी करायची ते तिघी मिळून ठरवू. त्याआधी एका मैत्रिणीशी बोलून ठेव. सुरुवात कशी करू असं वाटलं तर इन्सुलिनचं पेन तिच्यासमोर काढ, प्रश्न तीच विचारेल.

तुझी,
क्लिनिकमधली ताई