वाचकांचे प्रश्न : हरवलेल्या रुपयाचा ताळा

प्रश्न : तिघे मित्र लॉजवर उतरतात. खोलीचे भाडे ३० रुपये सांगितल्यावर प्रत्येकजण १० रुपये काढतो. मागाहून मॅनेजरच्या लक्षात येते की भाडे २५च आहे. तो ५ रुपये पोऱ्याबरोबर परत पाठवतो. पाचाचे तीन सारखे वाटे होईनात, म्हणून पोऱ्या २ रुपये खिशात टाकतो आणि प्रत्येकाच्या हातावर १ रुपया ठेवतो. म्हणजे प्रत्येकाचे ९ रुपये गेले. नऊ त्रिक सत्तावीस, त्यात पोऱ्याचे २, झाले २९. तिसावा रुपया कुठे गेला? आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर : कुठेही गेलेला नाही. सत्तावीस आणि दोन एकोणतीस ही बेरीज बिनचूक आहे, पण त्या दोन रकमा एकमेकींत मिळवायच्याच नव्हत्या. २७ म्हणजे मित्रांच्या खिशातून गेलेला पैसा. तो गेला कुठे? २५ गल्ल्यात आणि २ पोऱ्याच्या खिशात. पोऱ्याचे २ रुपये त्या २७च्या पोटातच आहेत. कोडे सांगणारा तेच २ पुन्हा एकदा मिळवायला लावतो.

तट मिटवायचे असतील तर तोंडी वाद घालू नका, कागद घ्या. तीन रकाने आखा : मित्र, मॅनेजर, पोऱ्या. प्रत्येक टप्प्याला कोणाकडे किती पैसे आहेत, एवढेच लिहा. सुरुवातीला ३०, ०, ०. भाडे दिल्यावर ०, ३०, ०. पोऱ्या ५ रुपये घेऊन निघाला तेव्हा ०, २५, ५. शेवटी ३, २५, २. कोणतीही ओळ आडवी मिळवा, ३०च येतील. या तक्त्यात २७ कुठेच दिसत नाही, कारण २७ आता कोणाकडेच नाहीत. तो खर्चाचा आकडा आहे, शिलकेचा नाही.

खर्चाच्या बाजूने ताळा करायचा असेल तर तोही जुळतो. मित्रांकडून गेले २७, मॅनेजरला मिळाले २५, पोऱ्याला मिळाले २. गेले तेवढेच आले. म्हणजे पोऱ्याचे २ रुपये २७मधून वजा करायचे असतात, की उरते खोलीचे भाडे. आणि ३० गाठायचेच असतील तर २७मध्ये मित्रांना परत मिळालेले ३ मिळवायचे. २७ अधिक २ ही रक्कम कशाची, हे कोडे घालणाऱ्यालाच विचारून पाहा. तिला नावच देता येणार नाही.

प्रश्न : हे उत्तर मला माहीत आहे, पण कोडे पुन्हा ऐकले की क्षणभर पुन्हा फसायला होते. असे का?

उत्तर : कारण आकडे हुशारीने निवडलेले आहेत. २९ आणि ३० इतके शेजारी आहेत की त्यांचा संबंध असणारच, असे वाटते. आकडे बदलून पाहा. भाडे २० धरा. मग १० रुपये परत येतील, पोऱ्या प्रत्येकाला ३ देईल आणि १ ठेवील. प्रत्येकाचे गेले ७, तिघांचे २१, पोऱ्याचा १, एकूण २२. आता काय म्हणायचे, ८ रुपये हरवले? इथे ऐकणारा लगेच सावध होतो.

आणखी दोन टोके तपासा. पोऱ्याने पाचही रुपये ढापले तर मित्रांचे गेले ३०, त्यात पोऱ्याचे ५, झाले ३५. म्हणजे चोरी झाल्यावर पैसे वाढले! उलट पोऱ्या प्रामाणिक निघाला, पाचही रुपये परत केले, तर २५ अधिक ०, म्हणजे २५. कोड्याच्या रीतीने ५ रुपये गायब. ‘हरवलेली’ रक्कम दर वेळी एकाच नियमाने येते : परत पाठवलेली रक्कम, वजा पोऱ्याने ठेवलेल्या रकमेची दुप्पट. मूळ कोड्यात ५ वजा ४, म्हणून १. दुप्पट का? पोऱ्याची रक्कम वजा करायच्या ऐवजी मिळवली जाते, म्हणून.

दुसरे कारण सांगण्याच्या ढंगात आहे. गोष्ट ‘कोणाकडे किती’ या रीतीने सुरू होते आणि मध्येच, कोणाच्या लक्षात न येता, ‘कोणी किती दिले’ यावर घसरते. शिवाय शेवटचा प्रश्न रुपया हरवला हे गृहीत धरूनच येतो, त्यामुळे आपण तो शोधायला लागतो. आधी ‘हरवला का?’ असे विचारायला हवे, ते राहूनच जाते.

प्रश्न : माझ्या भाच्याने घातलेले कोडे. त्याने आईकडून ५० आणि बाबांकडून ५० रुपये उसने घेतले. ९७ रुपयांची वस्तू घेतली, ३ उरले. १ आईला परत, १ बाबांना परत, १ स्वतःकडे. आता देणे ४९ आणि ४९, म्हणजे ९८. हातातला १ मिळवला तर ९९. हेही तेच का?

उत्तर : तेच, फक्त कपडे बदललेले. ९८ हे देणे आहे आणि हातातला रुपया ही त्याची मालमत्ता. देण्यात मालमत्ता मिळवत नाहीत. देणे ९८ : वस्तू ९७ आणि रोख १, दोन्ही बाजू सारख्या. मूळचे १०० शोधायचे असतील तर ९८मध्ये आईबाबांना परत केलेले २ मिळवा.

प्रश्न : आमच्या मंडळाचा हिशेब संगणकावरच्या तक्त्यात ठेवतो. सुरुवातीला ५० रुपये होते. काढले २०, शिल्लक ३०. काढले १५, शिल्लक १५. काढले ९, शिल्लक ६. काढले ६, शिल्लक ०. काढलेल्या रकमांची बेरीज ५०, पण शिलकेच्या रकान्याखाली ५१ येतात. १ रुपया जास्त कसा?

उत्तर : शिलकेच्या रकान्याखालची बेरीज आधी पुसून टाका. पहिल्या ओळीतल्या ३०मध्ये पुढच्या ओळींतले १५ आणि ६ आलेलेच आहेत. तेच पैसे पुन्हा पुन्हा मोजले जात आहेत. ५१ हा निव्वळ योगायोग आहे. हेच ५० रुपये दहा-दहाने काढले असते तर शिलका ४०, ३०, २०, १०, ० अशा पडून बेरीज १०० झाली असती. एकेक रुपया काढला असता तर १२२५. आणि एकदम काढले असते तर शून्य.

कोड्यातली ही गंमत प्रत्यक्ष वहीत मात्र महागात पडू शकते, कारण तक्त्यातले बेरजेचे बटण कोणत्याही रकान्याची बेरीज बिनतक्रार करून देते. बेरीज जमेची करा, खर्चाची करा. शिलकेचा फक्त शेवटचा आकडा बघा आणि तो ‘आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खर्च’ याच्याशी जुळतो का ते तपासा.

प्रश्न : रुपया खरोखरच हरवतो असे एखादे कोडे आहे का?

उत्तर : आहे, आणि आमच्या मते ते लॉजच्या कोड्याहून सरस आहे. दोन विक्रेत्यांकडे प्रत्येकी ३० फळे. एकजण रुपयाला २ देते, दुसरी रुपयाला ३. वेगवेगळे विकून एकीला १५ आणि दुसरीला १० मिळतात, एकूण २५. एके दिवशी त्या माल एकत्र करतात आणि २ रुपयांना ५ असा भाव लावतात. ६० फळांचे १२ वाटे, मिळाले २४. इथे रुपया खरोखर कमी आला.

कारण ५च्या वाट्यात २ महाग आणि ३ स्वस्त फळे असतील तरच २ रुपये हा भाव बरोबर. असे १० वाटे झाले की ३० स्वस्त फळे संपतात, महाग मात्र २०च गेलेली असतात. उरलेली १० महाग फळे ५ रुपयांची, पण दोन वाटे करून ४ रुपयांत जातात. तिथेच रुपया बुडतो. नग सारखे असताना फळामागे सरासरी भाव १/२ आणि १/३ यांच्या मधला, म्हणजे ५/१२ यायला हवा. लावलेला भाव आहे २/५. फरक फळामागे १/६०, म्हणून बरोबर ६० फळांवर १ रुपया.

याची उलटी बाजू फार जुनी आहे. मध्ययुगीन युरोपातला सम्राट शार्लमेन याच्या दरबारातला विद्वान अल्क्विन, मृत्यू ८०४, याच्या नावावर असलेल्या लॅटिन गणिती कोड्यांत दोन व्यापारी १०० नाण्यांना २५० डुकरे घेतात, २ नाण्यांना ५ या भावाने. मग त्यांचे दोन सारखे कळप करतात. एका कळपातली १२० विकतात नाण्याला २ या दराने, दुसऱ्यातली १२० नाण्याला ३ या दराने. मिळाली ६० आणि ४०. घातलेली शंभरही नाणी वसूल, आणि वर १० डुकरे शिल्लक.