आराखड्यात पाणी कुठं आहे?

बेळगाव, मृग नक्षत्र

अनेक आशीर्वाद.

तुझा गोल्फ कोर्सचा आराखडा मिळाला. अठराही होल नेटके आहेत, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, कडा तर फारच सुरेख. पण पाणी कुठून येतं नि कुठं जातं, ते कागदावर सापडलं नाही.

आपल्या भागात त्याशिवाय चालत नाही. खानापूरकडं तांबडी माती, जांभा, आणि कोसळणारा पाऊस. बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. एकच आराखडा दोन्हीकडं कसा चालेल?

माझी एक चूक सांगतो. उमेदवारीत ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, एका कामावर आलेली वाळू धुतलेली नव्हती. मुठीत दाबली की गोळा व्हायचा. मला दिसलं, पण मी बोललो नाही. पावसाळ्यात गवत पिवळं पडलं. खोऱ्यानं थर उचलला, तर खाली चार बोटांवर काळी पट्टी आणि सडक्या अंड्याचा वास. मुळं गुदमरली होती. सगळं ग्रीन उपसावं लागलं. ती पट्टी अजून डोळ्यांसमोर आहे.

अमेरिकन गोल्फ संघटनेनं १९६० साली छापलेली पद्धत नीट समजून घे. वर सुमारे ३० सेंटीमीटर वाळूचा थर, खाली १० सेंटीमीटर खडी, त्याखाली निचऱ्याचे पाइप. वाळू आणि खडीच्या सांध्यावर पाणी अडतं, मुळांना मिळतं. जास्त झालं की खाली उतरतं. गवत म्हणशील तर आपली हरळीच. शेतकरी जिला वैतागतो, गणपतीला जी वाहतो, तिच्याच जातीचे संकरित वाण ग्रीनवर लावतात.

गोल्फ कोर्सविषयी लिहायचंही तुझ्या मनात आहे, याचा मला फार आनंद झाला. कोर्स रचणारे ॲलिस्टर मॅकेन्झी मूळचे डॉक्टर. बोअर युद्धात शत्रू जमिनीच्या चढउतारात कसा दडतो, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. १९२० साली कोर्सरचनेवर पुस्तक लिहिलं, आणि गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर अमेरिकेतलं ऑगस्टाचं प्रसिद्ध मैदान उभारलं ते त्यानंतर. तूही आधी पाहा. ‘निसर्गरम्य’ हा शब्द वर्षभर वापरू नकोस. चेंडू डावीकडं का वळला, तो उतार कुणी घातला, पावसात तिथं काय होतं, ते लिही.

रविवारी सकाळी जांबोटीच्या रस्त्यानं जाऊ. हातभर खड्डा खणायचा, पाणी ओतायचं, आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. खोरं मी आणतो. वही तू आण. पेन्सिलनंच लिही, शाई पावसात टिकत नाही.